तिसरी ब

जालिंदर,
उद्या तुला सोडतील.
पिशवीत गोळ्यांची पाकिटं, कमरेला सैल झालेली पँट,
आणि बायको म्हणेल, रंग उजळला हो तुमचा.
उजळलाय, खरंच.
अकरा दिवसांत हातांचा थरकाप गेला,
भिंतीवरचे किडे भिंतीत परत गेले.

पण साडेसातचं काय करशील?

कांदा-बटाटा मार्केटात शेवटची गाडी खाली होते,
पोतं उतरतं,
आणि पाठ विचारते, आता?
त्यावर गोळी नाही डॉक्टरकडे.
मी विचारून आलोय.

म्हणून हा पत्ता.
कोपरखैरणे, पालिकेची शाळा, दुसरा मजला,
वर्ग तिसरी ब.
बाकं लहान पोरांची, गुडघे मावत नाहीत,
सगळेच जरा तिरके बसतात.
फळ्यावर सकाळची वजाबाकी तशीच असते.
बाईंनी सांगून ठेवलंय, पुसू नका.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या घरातून दहा मागून आणायचे.
तिसरीच्या पोराला येतं हे.
मला बेचाळिसाव्या वर्षी आलं.

बाळाराम असतो, घणसोलीचा.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट प्यायला तो,
अख्खा, समोरच्या रस्त्यासकट.
मंदाकिनीबाई बँकेतून रिटायर.
त्यांची बाटली वॉशिंग मशीनमध्ये असायची, ओल्या चादरीखाली.
पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.
दुसऱ्यांदा सगळे हसले, त्यासुद्धा.
इम्तियाज ट्रेलरवर असतो, उरणच्या बाजूला.
कधी येतो, कधी नाही.
नाही आला की बाळाराम फोन लावतो.
उचलला नाही की स्कूटर काढतो.

तुला वाटेल, ओळखीचं कुणी भेटलं तर?
भेटेल.
मला आमच्या टोळीचा मुकादम भेटला, दारातच.
दोघं अडलो. खाली बघत राहिलो, चपला मोजल्यासारखं.
मग तोच म्हणाला,
आत चल, पंखा आत आहे.

पहिल्या खेपेला मी गेलो नव्हतो.
म्हटलं, मी बरा झालोय, माझं काय काम बेवड्यांत.
सतरा दिवस टिकलो.
अठराव्या दिवशी तुर्भ्याच्या नाल्याकडेला
रंजनाने मला ओळखलं ते चपलेवरून.
तोंड चिखलात होतं.
ती ओरडली नाही, जालिंदर.
चपल नीट पायात घातली आणि रिक्षा बघायला गेली.
त्या घालण्याचं मी अजून
कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वर्गात सांगितलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
मंदाकिनीबाईंनी डब्यातला लाडू पुढे सरकवला, एवढंच.

तू बोलू नकोस.
नावही सांगू नकोस पहिल्या दिवशी.
शेवटी बाकं सरळ लावायची असतात,
सकाळी पोरांना लागतात.
त्याला नेहमी एक माणूस कमी पडतो.

गुरुवार, साडेसात.
खिडकीकडून दुसरा बाक, डावीकडे जागा आहे,
कुणीतरी कर्कटकानं 'आर्यन' कोरलंय तिथं.

आणि नाही आलास,
तर शुक्रवारी मी तुझ्या गाळ्यावर येईन,
भर कामात, सगळ्यांच्या देखत.
काही विचारणार नाही.
साठ किलो एकट्याला पाठीवर घेता येत नाही,
तुला ठाऊक आहे.
पोतं उचलू लागेन.