उलटे आटे

ट्रेगॅरनच्या त्या गोठ्यात
बावीस वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या
ड्रायव्हरच्या सीटवर.
एलिनेदनं गाडी घेतली, पिसांसकट.
पाना कुठल्या टोकाला धरतात, इथपासून सुरुवात.

उजवं चाक निघेना.
तीन रविवार तांब्याचा हातोडा, तीन रविवार शिव्या.
कुंपणापलीकडून म्हातारा इद्वल म्हणाला,
"या बाजूचे आटे उलटे, पोरी.
तू सोडवत नाहीयेस,
आवळतेयस."

ती आत गेली. चहा करून आली, दोन कप.
मग हातोडा दुसरीकडून.

मार्चात इंजिन सुरू राहिलं
अकरा सेकंद.
सायलेन्सरमधून उंदराचं घरटं उडालं,
हेझलनटची टरफलं, कुणाच्या तरी बिलाचे तुकडे.
इद्वलनं टोपी काढली, झटकली, परत घातली.
"आता ब्रेक," म्हणाला.