मेण कुठवर उतरलं

गोंदारच्या छापखान्यामागच्या या खोलीत
आधी लग्नपत्रिका वाळत घालायचे.
आता मी आणि वुबालेम,
गाळणकागदाचे गठ्ठे,
आणि विजेवरचा तवा. इंजेराचाच,
पण त्यावर आता इंजेरा होत नाही.

ठसा मेणात बुडवायचा, कागदावर टेकवायचा,
कागद तव्यावर, बारा मोजेपर्यंत.
मेण आरपार उतरलं पाहिजे.
वरच्यावर राहिलं, तर थेंब कुंपणाखालून निसटतो,
आणि निसटलेला थेंब
कुणाबद्दल काहीही सांगतो.

वीस वर्षं मी देवळाच्या फाटकाशी
मेणाच्या वाती विकल्या, करंगळीहून बारीक.
लोक त्या पेटवून काहीबाही मागायचे.
काय, ते मी कधी ऐकलं नाही.
सुटे पैसे मोजत असायची.

ही पट्टी दीड बिरला पडते.
मुलुकेन वहीत मांडतो: कागद एवढ्याचा, रंग एवढ्याचा,
आणि सगळ्यात महाग ती
ओल शोषणारी इवलीशी पुडी.
‘पुडी काढली तर सव्वा.’
वुबालेम ठसा न थांबवता म्हणाली,
‘काढ. आणि पट्टी ओलावली की
त्या बाईला तूच जाऊन सांग.’
पुडी राहिली.

गरोदर बाईच्या लघवीचा एक थेंब.
पिवळं पिवळंच राहिलं, तर घरी जा.
हिरवट झालं, तर घरी जाऊ नकोस.
एवढंच येतं या कागदाला.

वुबालेमच्या बहिणीचे पाय सुजले होते.
सुजतातच, म्हणाले सगळे.
डोकं दुखायचं. दुखतंच.
हे मला वुबालेमने सांगितलेलं नाही,
तिच्या गल्लीतल्या पाववालीने सांगितलं.

नियम असा, की दहांतली एक पट्टी
खिडकीशी धरून बघायची.
ती दहाच्या दहा बघते,
एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवल्यासारखी.
मुलुकेन तिची मिनिटं कापतो.
ती कापू देते.

डोंगरावरच्या दवाखान्यांतून
खोकी संपल्याचे निरोप येतात,
बाकी काही येत नाही.
पिवळ्याची कुणी बातमी करत नाही.

संध्याकाळी नखांत मेण अडकलेलं असतं.
जुनी सवय, मी ते काडीने कोरून
डबीत साठवते.
वात होण्याइतकं
अजून जमलेलं नाही.