बिलामागचा बेत

मंगळवारी रामटेक, बुधवारी सेवाग्राम,
गुरुवारी जमलं तर पेंच –
नणंदेनं औषधाच्या बिलामागं लिहिलेलं,
खाली गाडीवाल्याचा नंबर.
पाचला निघायचं, अंधारात परतायचं.
"मग नागपूर कधी बघायचं?"
"ते काय, खिडकीतून."

बर्डीवर तर्री पोहे.
पोहेवाला कान देऊन होता,
"रामटेक काय पळून राहिलं का, बाई?"
म्हणत आणखी एक पळी ओतली.
नाकाडोळ्यांतून पाणी, दोघींच्याही.

पुसायला कागद शोधताना बिल उलटलं.
पुढच्या बाजूला ह्यांच्या गोळ्या,
सकाळ, रात्र, सकाळ, रात्र.
तिच्या भावाच्या.

फुटाळ्याच्या कठड्यावर
दुपार नुसती बसून गेली.
उठताना कुमुदिनीनं फोन लावला:
"रामटेक तेवढं ठेवा.
पाचला नको हो. दहानंतर."