माया

उजवा दंड, बगलेखाली चार बोटं: साडेतेरा.
डावा बारा.
टेप सरकली असेल म्हणून पुन्हा घेतली.
पुन्हा साडेतेरा.
म्हटलं, दिघेसाहेब, या हातानं कसली ओझी उचलता?
ते हसले नाहीत.
चरबीची गाठ आहे, म्हणाले, दुखत नाही. तुम्ही कापा.

दांडिया बाजारात या टेबलाशी मला एकतीस वर्षं झाली.
उतरलेला खांदा, सुटलेलं पोट, एक पाय आखूड,
आरशाला कळत नाही ते टेपेला कळतं.
आम्ही बोलत नाही. शिवणीत थोडी माया जास्त सोडतो,
आत दाबून, वरून दिसू नये अशी.

मुलीच्या लग्नाचा कोट, मोतिया रंगाचा.
नवरात्र तोंडावर होती, टेबलावर केडियांचा ढीग,
आणि ट्रायलला बाही चढेना.
साडेचौदा.
त्यांनी शटरकडे पाहिलं. मी ते अर्धं ओढलं.
मग केडियं बाजूला सारून, स्टुलावर बसून
त्यांनी ते सांगितलं
जे चौदा वर्षं वहिनींना आणि
सयाजीतल्या एका खिडकीलाच माहीत होतं,
जिथं महिन्याची बाटली मिळते
आणि नाव हळू पुकारतात.
रात्री नऊची गोळी. एकही चुकवली नाही, म्हणाले,
मॅच असो, मयत असो.
विषाणू मोजायला गेलं तर आता सापडतसुद्धा नाही.
मग हे काय आलं?

मला काय ठाऊक.
मी पाणी दिलं, माझ्याच पेल्यातून.
देताना हात एक क्षण थांबला होता.
मापं खरी लिहायची तर तेही लिहायला हवं.

तुकडा काढला. आठ दिवसांनी कागद आला.
वहिनींनी तो याच टेबलावर उलगडला, खडूची भुकटी फुंकून.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं:
लिम्फोमा. बहुतेकांना ग्रंथींत होतो.
यांचा मांसात उगवला, मऊ जागी.
आतले पहारेकरी इतकी वर्षं जागे,
त्यांच्यातलाच एक चुकीचं मोजायला लागला,
एकाचे दोन, दोनाचे चार.
गोळी थांबवायची नाही.
तिच्या जोडीला सहा वेळा सलाईन.

मऊ.
मी बोटांनी ओळखतो मऊ म्हणजे काय.
मलमल. पाच धुण्यांनंतरचं पॉपलीन.
ती गाठ मऊ नव्हती हो वहिनी,
हे मी तेव्हा बोललो नाही.

पहिल्या खेपेला सोबत गेलो.
लाल औषध, सरबतासारखं, नळीतून उतरत होतं.
सिस्टर म्हणाली, हाथ सीधो राखजो, काका.
शेजारच्या खाटेवरचा पोरगा मोबाईलवर मॅच बघत होता
आणि दिघे दर दोन मिनिटांनी त्याला स्कोअर विचारत होते.
संध्याकाळी लघवी लाल झाली. घाबरले.
मग सिस्टरनं आधीच सांगितलं होतं ते आठवलं,
आणि बाथरूमच्या दारात उभे राहून
हा माणूस इतका हसला
की वॉर्डबॉय बघायला आला.

लग्नात केस नव्हते. मंगळबाजारातून फेटा मी आणला.
कोट बाहेरून झकास बसला होता.
उजव्या बाहीच्या आत सगळी माया उसवून मोकळी केली होती,
तिथं नुसत्या टाचण्या.
कन्यादान होईपर्यंत माझं लक्ष
दुसरीकडे कुठं नव्हतंच.

वहीतलं पान आता असं आहे:
साडेतेरा. साडेचौदा. पंधरा.
इथं पेन बदललंय.
चौदा. तेराला थोडं कमी.
स्कॅन फेब्रुवारीत आहे, खरं काय ते तेव्हाच कळणार,
तरी दर सलाईननंतर ते येतात,
शर्ट काढून उभे राहतात,
आणि मी टेप लावतो, बेतानं, ओढत नाही.
काल सव्वाबारा.
डावा मात्र अकरावर आलाय.

कोट परत घेऊन आलेत. आत घ्या, म्हणतात,
धाकट्या पुतण्याचं लग्न आहे वैशाखात.
घेतो.
पोरगं विचारतं, उस्ताद, जास्तीचं कापून टाकू?
नको.
सगळं दुमडून आतच राहू दे.