गळती

उणे बावन्न. पारा कधीच थिजला,
आता आकडा सांगतो तो लाल स्पिरिटचा.
याना नदीचा दगड झालाय
आणि बायबाल खाली बॉयलरघरात
कोळसा लोटतोय.

वर, बाळंतखोलीत
केरेचेनेचा मुलगा चाळीस मिनिटांचा आहे.
"हा कुडकुडत का नाही?"
ती स्वतः थरथरतेय, दातावर दात आपटत.
त्याला अजून ते येत नाही गं, मी म्हणते.
रडता येतं, चोखता येतं.
थरथरणं शिकायला महिने लागतात.

तिची बोटं धरून मी त्याच्या मानेखाली नेते,
दोन खांद्यांच्या मध्ये.
इथे बघ, हाताला काय लागतं.

तपकिरी चरबी. मूठभरसुद्धा नाही.
पेशीपेशीत तंतुकणिका खच्चून भरलेल्या,
त्यांच्यातल्या लोहानेच आलेला हा रंग.

इतर पेशींत कारभार चोख:
साखर फुटते, प्राणवायू येतो,
पडद्यापलीकडे प्रोटॉन तुंबत जातात
धरणाच्या पाण्यासारखे,
आणि परतताना एक चाक फिरवतात.
चाक फिरलं की एटीपीची सुटी नाणी पडतात.
पापणी मिटायला इतकी,
ठोका पडायला इतकी,
उधारी नाही.

इथे मात्र भिंतीलाच भोक.
पाणी चाकाला बगल देऊन वाहून जातं.
नाणं एकही नाही.
नुसती ऊब.

पहाटे बायबाल आला, भुवयांवर बर्फ,
काळे हात पाठीमागे धरून.
त्यालाही सांगितलं हे सगळं.
एकतीस वर्षं त्याने नळ्या ठोकल्या,
सांध्यांत ताग कोंबला,
एका थेंबापायी अर्धी अर्धी रात्र रांगला.
गळती हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो.

बराच वेळ नातवाच्या मानेकडे बघत राहिला.
"म्हणजे हे मुद्दाम सोडलंय?"
कुणी सोडलं ते मला ठाऊक नाही, म्हटलं.
पण सोडलंय खरं.
"आणि कोळसा संपला की?"

तेवढ्यात पोराने तोंड वासलं.
केरेचेनेने कुशीवर वळून पदराआड घ्यावं तसं
रजईआड घेतलं त्याला.

"हं. भरणी सुरू," बायबाल म्हणाला
आणि जिना उतरून गेला.
तिसऱ्या व्हॉल्व्हला पाझर होता,
तो आवळायचा राहिला होता.