बारावी थाप

धरणगावच्या जिनात पहिला कापूस येतो
तेव्हा थंडी अजून पडलेली नसते,
पत्र्यावर नुसतं दव.
छोटे हत्ती काट्यावर चढतात, उतरतात,
सरकीचा ओलसर वास सुटतो
आणि आवारात एक डोंगर वाढू लागतो,
रोज हात-दीड हात.

मी हिलाल बाविस्कर, रात्रपाळीचा राखणदार.
याआधी सोळा वर्षं दुसऱ्या डोंगरांची राखण केली.
काम सांगायचं तर एवढंच:
छातीइतका खड्डा खणायचा,
त्याची एक भिंत फावड्याने सरळ कापायची
आणि वाचायची, वरून खाली,
सातबारा वाचतात तशी.
हा थर कालचा.
हा वाऱ्याने आणून टाकलेला, पापडासारखा.
हा त्या चार उन्हाच्या दिवसांचा.
आणि सगळ्यात खाली, जमिनीला टेकून,
दिवाळीआधी पडलेलं पहिलं बर्फ.

ते तळहातावर घेऊन भिंगातून बघायचो.
वरून गारठा, खालून जमिनीची ऊब,
दोघांच्या मध्ये ते आतून पोखरत जातं.
दाणा दाण्याला धरत नाही.
मुठीत दाबा, लाडू वळत नाही,
जाड साखर सांडावी तसं सांडतं.
थोडं असतं म्हणून कोणी त्याला भीत नाही.
थोडं असतं म्हणूनच ते कुजतं.
नंतरचं सगळं त्याच्यावर येऊन बसतं,
विश्वासाने.

मग फावडं आडवं ठेवून थापा.
दहा मनगटातून. दहा कोपरातून. दहा खांद्यातून.
कितव्या थापेला थर सुटला तो आकडा वहीत.
वही अजून ट्रंकेत आहे.
बावीस. एकोणीस. सुटला नाही. सतरा.
एका तारखेपुढे काहीच नाही.
त्या दिवशी धुकं होतं, आम्ही गेलो नाही.
दुसरी तुकडी गेली.

काल बघितलं, मजुरांनी खालून ओढून ओढून
कापसाच्या डोंगराला कपार पाडलीय.
तळाला नवरात्रातली वेचणी, दमट, आतून तापलेली,
वर परवाचा कोरडा, फुलका माल.
आणि त्या कपारीत सुपडूचा पोरगा
गोणपाट अंथरून झोपतो.
ऊब लागते, म्हणतो.

रात्री दोनला आधी त्याला उठवलं.
मग शिडी लावून फावडं टेकवलं वरच्या काठावर.
मुकादम विडी पेटवत आला,
"हाई काय बरफ शे का, हिलालभो?"
मी मोजत होतो, बोललो नाही.
मनगटातल्या दहा संपल्या.
तो हसून वळला.
कोपरातली पहिली.
दुसरी.

बर्फ निदान एकदा हुम् म्हणतं,
जमीन श्वास सोडते तसं, पायाखालून कळतं.
कापसाने तेवढंही केलं नाही.
काठ होता, आणि मग नव्हता.
कपारीच्या जागी पांढरा उतार,
त्याच्या टोकाला पोराची एक चप्पल, पालथी.

मुकादमाची विडी विझली, त्याला कळलं नाही.
पोरगा मात्र वैतागला.
"माझं गोणपाट? आता झोपू कुठं?"

आत जाऊन ट्रंक उघडली.
जुन्या वहीचं नवं पान.
आकाश: निरभ्र. वारा: नाही.
थापा: बारा.
समुद्रसपाटीपासून उंची, या रकान्यात
काय लिहावं ते बराच वेळ सुचेना.
विचारायला मागे वळलो,
तर तो माझ्या खाटेवर आडवा,
तोंड उघडं, केसांत कापूस.