अकरा परत

दहापैकी किती दुखतं, डॉक्टरबाईंनी विचारलं.
लवूदादा म्हणाला, दहात सांगूक येवचा नाय,
वावांत विचारा.
पंधरा वाव. तळाक चिखल.
बाई हसल्या नाहीत. कागदावर लिहिलं: पंधरा.

रापण ओढताना कंबरेला दोर बांधायचा तो,
बत्तीस वर्षं.
आता दोर आत होता
आणि दोन्ही टोकं कुणीतरी ओढत होतं,
रात्री दोन ते पाच जास्त.
मी शिवणाच्या मशीनवर बसून राहायचे,
पाय मारत.
सुई कापडाशिवाय चालायची.

ओरोसला त्या आठवड्यात गोळी नव्हती.
घाट चढून कोल्हापूर गाठलं.
शिक्का, सही, रजिस्टर.
कंपाउंडरने चौऱ्याऐंशी मोजल्या,
मलाही मोजायला लावल्या.
चार तासांनी एक, मध्यरात्रीसुद्धा,
दुखायची वाट बघायची नाही.
आणि पोट साफ व्हायचं औषध रोज,
ते विसरलात तर मला शिव्या द्याल, बाई म्हणाल्या.

तळाशीलला भरती सहा तासांनी,
गोळी चार तासांनी.
दोन घड्याळं लागली आमच्या घरात.

चंद्राकाकी येऊन बसली.
अफूच ती, सवय लागात हां गो तेका.
बोलताना तर्जनी दातांवर फिरत होती,
मिश्रीनं काळी.
दादा भिंतीकडे तोंड करून होता, तिथूनच म्हणाला,
लागांदे.
माका काय आता म्हातारा होवचा असा?

तिसऱ्या रात्री तो झोपला.
इतका, की मी घाबरून
हाताचा आरसा धरला नाकाशी.
धुकं आलं. गेलं. आलं.
सहाला उठून म्हणाला,
कालच्या बांगड्यात तिरफळां खय होती?
किती महिन्यांनी भांडला माझ्याशी.
मी मागच्या दारी गेले, खाडीच्या बाजूला,
हसायला की कशाला, अजून कळलेलं नाही.

खोटं कशाला सांगू, दोर सुटला नव्हता.
सैल झाला होता.
जाळ्याची सुई मागून घ्यायचा,
विणता विणता डुलकी, गाठ चुकलेली,
कधी मला आवशीच्या नावाने हाक.
पण माणूस होता तिथे, नुसतं कण्हणं नव्हतं.

लोक म्हणतात, जीव ओहोटीला जातो.
भरती होती.

उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या असतात.
पुन्हा घाट. पुन्हा रजिस्टर.
कंपाउंडरने मोजल्या, मी मोजल्या.
त्याने लिहिलं: परत, अकरा.
उतरताना एसटीत मी हिशेब केला.
चव्वेचाळीस तास.
एवढं त्याचं दुखायचं राहून गेलं.